मदत हवी आहे: २०२४ च्या बिग टेन फायनलला इंडियाना का नाही, पेन स्टेटच का?

कॉलेज फुटबॉल (अमेरिकन, हेल्मेटवालं) जाणणाऱ्यांसाठी प्रश्न. बिग टेन म्हणजे तिथली कॉलेज संघांची एक लीग.

इंडियानाचा २०२४ चा सीझन मी सामन्यागणिक पुन्हा बघतोय. कर्ट सिग्नेटी यांचं कोच म्हणून तिथलं पहिलंच वर्ष आणि नियमित सीझन ११-१ (११ विजय, १ पराभव; लीगबाहेरचे सामने धरून). या संघाकडून कोणी अपेक्षाच ठेवत नसे, त्यामुळे बघायला भलतीच मजा येते.

अडलंय ते इथे. बिग टेनमध्ये १८ संघ, त्या वर्षापासून डिव्हिजन (उपगट) बंद, म्हणजे सरळ पहिले दोन फायनलला. लीगमधल्या सामन्यांत ओरेगन ९-० म्हणून पहिला. पेन स्टेट आणि इंडियाना दोघेही ८-१, आणि दोघेही हरले ते ओहायो स्टेटकडूनच. मिशिगनने ओहायो स्टेटला १३-१० असं पाडलं नसतं तर तोही ८-१ झाला असता आणि दोघांना हरवलेलं असल्याने तोच फायनलला गेला असता.

टायब्रेकर (बरोबरी सोडवायचा नियम) मी लावून पाहिला. दोघांचा आपसात सामनाच झाला नाही. दोघांचे समान प्रतिस्पर्धी घेतले तरी हिशोब सारखाच येतो, कारण बाकी सगळ्यांना दोघांनीही हरवलंय. तरी गेला पेन स्टेट.

प्लेऑफच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या) सीडिंगबद्दल, म्हणजे संघांच्या मानांकनाबद्दल, विचारत नाहीये, ते कळलंय. 'पेन स्टेट मोठं नाव आहे म्हणून' हे उत्तरही नको.

समान प्रतिस्पर्ध्यांनंतरचा निकष नेमका कोणता? आणि आपल्या नेट रनरेटसारखा गुणांचा फरक त्यात धरतात का? कारण ओहायो स्टेटविरुद्ध इंडियाना १५-३८ हरला होता, पेन स्टेट फक्त १३-२०.