.२७५ रिग्बी: दोनपैकी एक जागा हिला द्यावी का?

घाटमाथा (धागाकर्ता)

परवान्याची फाईल पुढे सरकली आहे, म्हणून मतं आत्ताच हवीत. घरात आजोबांची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, .२७५ रिग्बी. वडिलांची पंचाहत्तरी झाली, आता ती माझ्या नावावर करायची आहे. माझ्या परवान्यावर एक बारा बोअर आधीच आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनातच धरतात. म्हणजे ही घेतली की माझा कोटा संपला. घरचे, मित्र, बंदुकीचा दुकानदार, सगळे एकच सांगतात: ही काढ आणि देशी बनावटीची .३१५ रायफल घे, निदान काडतुसं तरी मिळतील.

मला ते पटत नाही.

.२७५ म्हणजे ७×५७ मॉझर, सात मिलिमीटरची गोळी आणि ५७ मिलिमीटरचं पितळ. १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्यानं घेतलेलं हे काडतूस. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या बोअर शेतकऱ्यांनी याच मॉझरनं इंग्रजांना लांबून टिपलं, आणि पुढे इंग्रज शिकाऱ्यांनीच ते डोक्यावर घेतलं. लंडनच्या रिग्बी या बंदूकवाल्यांनी त्याला .२७५ हे नाव लावलं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला जी रायफल बक्षीस मिळाली तीही .२७५ रिग्बीच. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २७०० फुटांनी जाते आणि खांद्याला धक्का इतका कमी की चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, वेग दोन हजारांच्या आसपास. दोन्ही चालवून बघा आणि मग बोला.

शिकार करायची नाही हे आधीच सांगतो, म्हणजे त्यावर प्रतिसाद खर्च होणार नाहीत. अधूनमधून रेंजवर बार काढायचा, साफ करून तेल लावून ठेवायची, एवढंच. माझं मत: काडतूस दुर्मीळ आहे म्हणून चांगली रायफल टाकून देणं हा करंटेपणा आहे.

बाराबोअर

करंटेपणा वगैरे ठीक, पण काडतुसं किती आहेत तो आकडा तुम्ही शिताफीनं गाळलात. आणि आहेत ती कुठली? कायनॉक या इंग्रजी कंपनीचीच असणार, आजोबांच्याच वेळची.

एक काडतूस उजेडात धरून बघा. मानेपाशी पितळेवर केसासारखी चीर दिसते का? बुडाशी हिरवट पूड? तसलं काडतूस घोडा पडल्यावर कधी नुसतं टिक् करतं आणि क्षणभरानं उडतं. तोवर माणसानं बोल्ट उघडलेला असतो. न उडालेलं काडतूस नळी निशाणाकडेच धरून चांगलं अर्धा मिनिट तसंच ठेवायचं, हे किती जणांना माहीत आहे? शिवाय त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, क्षार असायचे. बार काढल्यावर त्याच दिवशी नळीत कढत पाणी ओतून मग तेलाचा बोळा फिरवला नाही, तर ओल्या हवेत दोन दिवसांत आतून गंज धरतो. तुमच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात तर बघायलाच नको.

.३१५ ला शिव्या द्या, पण तिची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. दुकानदाराकडे आज नसली तर पुढच्या महिन्यात येतात. तुमच्या या .२७५ बाईसाहेबांची कुठून येणार? आयात तुम्हाआम्हाला बंद. ज्या रायफलीचं काडतूस वापरलं की कायमचं कमी होतं, ती चालवणाऱ्याचा हात काय बसणार? सरावाशिवाय नेम नाही आणि काडतुसाशिवाय सराव नाही.

रानभूल

"शिकार करायची नाही" असं म्हणायचं आणि लगेच कॉर्बेट काढायचा! ही रायफल घरात का ठेवायची याचं उत्तर प्रत्येक वेळी कुठल्यातरी मेलेल्या वाघापाशीच जातं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो अध्याय संपवला. जुन्या वाड्यांच्या भिंतींवरची मुंडकी उतरली, आता भिंतीवरच्या रायफलीही उतरू द्या. संग्रहालयाला द्या, नाहीतर निकामी करून ठेवा. कुणी हात धरणार नाही.

घाटमाथा

रानभूल, कॉर्बेटचं नाव झालं ते नरभक्षक मारल्यामुळे आणि शेवटी त्याच माणसाच्या नावानं राष्ट्रीय उद्यान झालं. पण मुद्दा तो नाही. आमच्याकडे मुंडकं एकही नाही, आणि निकामी करायची म्हणजे चेंबर, बोल्ट, फायरिंग पिन सगळ्याची वाट लावायची. मग त्यात उरलं काय?

बाराबोअर, काडतुसांबद्दल खरं बोललात. कायनॉकची आहेत तशीच काही नंतरच्या काळातलीही आहेत. चिरा गेलेली मी केव्हाच बाजूला काढली. पण मी सैन्यात भरती होत नाहीये हो. माणसाला महिन्याला पन्नास बार काढायचेच असतात हे कुणी ठरवलं?

बखरवाला

थोडं विषयांतर, पण इथे शोभेल. आपल्याकडच्या निम्म्या विचित्र बोअरांचा जन्म सरकारी बंदीतून झालाय. मार्टिनी हेन्री या सैनिकी रायफलीची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली. लगेच लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी रांग लावली, सगळ्या हत्ती-वाघासाठीच. .३१५ चीही तीच गत. .३०३ सैन्याचं, म्हणून खाजगी माणसाला नाही. मग ली एनफिल्डच्याच धाटणीच्या रायफलीला ऑस्ट्रियाच्या मानलिकरचं ८×५०आर काडतूस बसवून ती इथे विकली. स्वातंत्र्यानंतर आपल्या कारखान्यांनी तीच चालू ठेवली. तेव्हा बाराबोअर, जगाच्या बाजारात तुमची .३१५ हीच खरी दुर्मीळ. युरोपात ७×५७ आजही सरळ दुकानात मिळतं.

बाराबोअर

मी युरोपात राहत नाही.

टेक्सासकर

मी राहतो तिथे मिळतं, म्हणून बोलतो. मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं टेक्सासमध्ये. माझ्याकडे ७×५७ आहे आणि मी तिनं डुकरं मारतो. इथे खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानटी डुकरांसाठी शिकारीचं लायसन्सही लागत नाही, इतका त्यांनी उच्छाद मांडलाय. सोबतचे सगळे ६.५ क्रीडमूर या नव्या काडतुसावाले. माझी रायफल बघून हसतात आणि दोन बार काढून बघितले की गप्प बसतात.

पण घाटमाथा, मजा कशात आहे ते सांगतो. इथल्या कंपन्या या काडतुसात दारू हात राखून भरतात, कारण १८९३ च्या जुन्या मॉझर अजून लोकांच्या कपाटात आहेत आणि एखादी फुटली तर कोर्टकचेरी. खरी ७×५७ कळते ती घरी स्वतः काडतुसं भरल्यावर. रिकामी पितळं परत येतात, गोळी आपल्या पसंतीची. हॉर्नडी कंपनी आता .२७५ रिग्बी असं नाव ठोकलेलं काडतूसही काढते, तरी मी घरचंच भरतो. २०२० नंतर इथे काडतुसांची टंचाई झाली तेव्हा दुकानात ७×५७ औषधालाही नव्हतं. कंपन्यांनी आधी खपाचा माल काढला. भरायचं सामान घरात होतं म्हणून माझं निभावलं.

ते दार तुम्हाला बंद आहे. तिथे असतो तर मीही विकली असती. सांगलीला आमच्याही घरात एक .४०५ विंचेस्टर होती. काकांनी ती काडतुसांअभावी मातीमोल दिली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

फिर्यादी

वकिली मुद्दे, भावना बाजूला ठेवून.

एक. नावावर करणं अवघड नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं की हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. वडील आहेत तोवर करून घ्या. त्यांच्या पश्चात आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल, आणि मुदत उलटली तर ती सरकारजमा होऊ शकते. विक्रेत्याकडे ठेवली तर भाडं तुमच्या माथी.

दोन. टेक्सासकरांचं वाचून कुणी उद्योग करू नका. घरी काडतूस भरणं हे आपल्या कायद्यात उत्पादनात येतं, हत्यार बाळगायच्या साध्या परवान्यावर ते चालत नाही.

तीन, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही. परवान्यावर नोंद काय आहे? ".२७५ बोअर" असेल आणि काडतुसाच्या खोक्यावर "७×५७" असेल, तर तपासणीला आलेल्या माणसासाठी ती दोन वेगळी हत्यारं. एका अशिलाच्या परवान्यावर नुसतं "७ एमएम" लिहिलं होतं. विक्रेत्यानं इमानेइतबारे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमची चौकशी चालवली, जे त्या रायफलीत बसलंच नसतं. .२७५ हॉलंड मॅग्नम म्हणून तिसरंच काडतूस आहे, ते आणखी वेगळं. नावावर होतानाच दोन्ही नावं नोंदवून घ्या.

मला विचाराल तर ठेवा. विकताना घेणारा परवानाधारक हवा, त्याच्याही कोट्यात जागा हवी आणि त्याला हेच कॅलिबर हवं. असा माणूस सापडेपर्यंत तुमची सत्तरी येईल.

कुडाळकार

सगळ्यांचा वाचलंय. आता आमचा ऐका.

माझ्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, एकनळी बारा बोअर. त्याआधी आजाची ठासणीची होती. भात पोटरीत आला की डुकरं रात्री एका फेऱ्यात कोपरा साफ करतात. आम्हाला कॅलिबरचं कौतुक परवडत नाही. काडतूस तालुक्याला मिळालं पाहिजे, आणि अंधारात आवाज झाला की डुकरं पळाली पाहिजेत, बस्स. मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यातून वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेलंय. रायफल तर आम्ही मागतच नाही. वाडी-वस्तीत गोळी डुकराला चुकली तर कुठे जाऊन थांबेल त्याचा नेम नाही. छर्रा निदान जवळच पडतो.

घाटमाथा दादा, तुमचा कोटा, तुमची हौस. पण इथे हौसेच्या हत्याराचा परवाना वारशात चालत येतो आणि ज्याच्या भातात डुक्कर बसलंय तो दोन-दोन वर्षं फाईलमागे फिरतो. राग तुमच्यावर नाही. आला तो बोललो.

रानभूल

कुडाळकारांशी शंभर टक्के सहमत. असं मी बंदूकवाल्याबद्दल पहिल्यांदाच म्हणतेय.

नेमबाज

"अधूनमधून रेंजवर" या वाक्यावर कुणीच कसं अडलं नाही? कुठली रेंज? पुण्याच्या बालेवाडीला १०, २५ आणि ५० मीटर, म्हणजे एअर रायफल आणि .२२ चा कारभार. तिथे ७×५७ घेऊन गेलात तर दारातच हात जोडतील, कारण मागचा बंधारा त्या गोळीसाठी बांधलेला नसतो. ३०० मीटरच्या प्रकारात ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर चालतं, म्हणजे नियमात तुमची रायफल बसते. पण ३०० मीटरची रेंज म्हणजे पोलीस किंवा लष्कर, आणि तिथे पाय ठेवायला क्लब, संघटना, पत्रं, ओळखी.

तरीही मी म्हणेन ठेवा. .३१५ घेतलीत तरी रेंजचा प्रश्न तोच राहणार, कारण तीही .२२ च्या रेंजवर चालत नाही. बाराबोअर हे सोयीस्करपणे विसरतात. खडकीची काडतुसं मिळाली, पण उडवणार कुठे?

बाराबोअर

विसरलो नाही. .३१५ पाहिजे तेव्हा विकता येते, पडून राहिली तरी अडकत नाही. .२७५ घेतली की अडकली. आणि दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायचा फोन येतो, तो वेगळाच.

फिर्यादी

तो फोन आला तरी सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करता येत नाहीत. छाननी समितीनं माणूस बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. लेखी आदेश मागा.

बाराबोअर

मागून बघितलाय साहेब. परवान्याचं नूतनीकरण त्याच टेबलावरून होतं.

घाटमाथा

सगळ्यांचं वाचलं. नेमबाज यांचा रेंजचा मुद्दा बोचला, कारण ज्या क्लबच्या ओळखीनं जमत होतं तिथलं लष्करी रेंजचं आता कठीणच झालंय. कुडाळकार यांना उत्तर नाही. पण माझी जागा मी सोडली म्हणून ती त्यांना मिळणार नाही, कोटा माणशी आहे.

मत बदललेलं नाही. उद्या फाईलमध्ये ".२७५ रिग्बी / ७×५७ मॉझर" अशी नोंद मागणारा अर्ज जोडतोय. बाराबोअर, टोपीतल्या क्षारांबद्दल एक विचारायचं राहिलं: नंतरच्या काळातल्या खोक्यांवर क्षार नसल्याचा काही शिक्का असतो का, की सगळ्यांनाच कढत पाणी?

बाराबोअर

काहींवर इंग्रजीत नॉन-करोझिव्ह छापलेलं असतं. छापलेलं असलं तरी पाणी ओता. आणि आधी नळी कोरडी करा, मग तेल.