विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शिक्षकांचे प्रशिक्षण : मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. मी गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गांत अध्ययन अक्षमता, स्वमग्नता व श्रवणदोष असलेली काही मुले आहेत. परंतु आम्हा शिक्षकांपैकी कोणीही विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. प्रत्यक्षात मात्र आमच्या वाट्याला एका दिवसाचे व्याख्यान आले, आणि त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी वाचून दाखवण्यापलीकडे फारसे काही झाले नाही.

आमची खरी अडचण निराळी आहे. मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. त्यामुळे एखादे मूल जोडाक्षरांवर अडखळले, वेलांटी किंवा मात्रा गाळू लागले, तर ती वाचन-अक्षमता की भाषेचे अंतर, हे ठरवणे कठीण जाते. इंग्रजीसाठी बेतलेल्या चाचण्यांचा येथे फार उपयोग होत नाही. (‘मूल आळशी आहे’ हा शेरा आम्हीही पूर्वी मारला आहे, हे प्रांजळपणे सांगते.)

देवनागरी वाचनाच्या चाचण्या वापरून वर्गातच प्रात्यक्षिक दाखवणारे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे (विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे) नोंदणी असलेले विशेष शिक्षक गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कोणाच्या परिचयाचे आहेत का? वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे एकेका मुलाच्या गरजेनुसार आखलेली शिकवण्याची योजना, लिहिण्याचा मराठी नमुना कोणाकडे असल्यास, मुलाचे नाव वगळून, तोही कृपया पाठवावा.