शेततळ्यात धामण सारखी बुड्या मारतेय – मदत हवी आहे

मोसंबी_अंबड
ता. अंबड, जि. जालना. शेततळं ३० × ३० मीटर, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. उन्हाळ्यामुळं पाणी दीड मीटरवर आलंय, म्हणजे वर अडीचेक मीटर उघडा कागद.

कालपासून एक साप पाण्यात आहे. सहा-साडेसहा फूट, पिवळट तपकिरी, शेपटीकडं काळे आडवे पट्टे. धामीनच असावी. काठाकाठानं फेऱ्या मारते, कोपऱ्यात थांबते, माणूस दिसला की सूर मारते. मोबाइलवर वेळ लावली तर ४ मिनिटांनी पार दुसऱ्या कडेला निघाली. दुपारी बुड्या जास्त, सकाळी कमी. धामण एवढा वेळ पाण्याखाली राहते का? रोहू-कटल्याची बोटुकली (माशांची पिल्लं) सोडलीत, ती खाते का? गडी म्हणतो काठीनं उचलून बाहेर टाकू.

दुपारची_पाळी
काठी राहू द्या, आधी ओळख पक्की करा. नागही पोहतो, आणि पोहताना फणा काढतोच असं नाही. काठावरून झूम करून तोंडाचा फोटो घ्या. धामणीचे डोळे मोठे, बाहुली गोल, मान बारीक आणि ओठांच्या खवल्यांच्या कडांना उभ्या काळ्या रेघा. रंगावर जाऊ नका, ओल्या अंगाचा रंग फसवतो. डोळ्याखालून मागं जाणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा आणि अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके असतील तर तो विरोळा, आपल्याकडचा इरुळा. बोटुकलीला खरा धोका त्याचा. धामण मुख्यतः उंदीर, बेडूक, सरडे, पाखरं खाते. मासा क्वचित.

बांधावरचा
फोटोची वाट कशाला बघायची? धामण पट्टीची पोहणारी. बेडकामागं उतरली असेल, पोट भरलं की जाईल आपली निघून.

काळी_माती
विहीर किंवा नाला असता तर हेच म्हटलं असतं. दगडी विहिरीच्या सांध्यांत पोटाचे खवले अडकवून धामण सरळ वर चढते. कागदाला खडबडीतपणाच नाही, त्यात पाण्यालगत शेवाळ. अर्धा मीटर चढते, घसरते. दुपारी तर काळा कागद तव्यासारखा तापतो, मग परत पाणी. वरचं पाणीही कोमट होतं, गार असतं ते तळाशी. दुपारी बुड्या का वाढतात, त्याचं बहुतेक हेच कारण. बेडकामागं असलेला साप कडेच्या गवतात, गाळात तोंड घालत फिरतो. असा काठाकाठानं चकरा मारत कोपऱ्यात थांबत नाही.

४ मिनिटांचं नवल नाही. सापाचं उजवं फुप्फुस लांबलचक असतं, मागचा भाग नुसती हवेची पिशवी. शांत पडून राहिला तर ती हवा पुरते. पण तुम्ही काठावर गेलात की ती घाबरून जोर लावते, अंगातली ताकद झपाट्यानं संपते आणि पुढची बुडी आखूड होते. डोकं तिरकं व्हायला लागलं, तोंड उघडं राहिलं, अंग पाण्यात लोंबायला लागलं की समजा दमली. तेव्हा तिला बघायला गर्दी नको.

मोसंबी_अंबड
फोटो बघितला, ओठांवर रेघा आहेत. मग काढायची कशी?

काळी_माती
काढायची नाही, वाट करून द्यायची. बारदानाची ६-७ पोती उसवून एकाला एक जोडा, दाभण-सुतळीनं. पट्टी फूट-दीड फूट रुंद. वरचं टोक भरावाच्या बाहेरच्या बाजूला मेखेला बांधा, कागद गाडलेल्या चरीत मेख ठोकू नका. खालचं टोक पाण्यात किमान दीड मीटर जाऊ द्या. पट्टी तरंगून वर येत असेल तर टोकाच्या घडीत वाळूची पुरचुंडी शिवा. दगड घातला तर त्याची धार कागद फाडते. पट्टी ओली करूनच टाका म्हणजे उताराला चिकटून बसते. वारा ज्या कोपऱ्यात काडीकचरा लोटतो तिथं पहिली, समोरच्या कोपऱ्यात दुसरी. ती कडेनंच फिरते, मधोमध टाकून उपयोग नाही. बारदान नसेल तर काथ्याचे दोन-तीन जाड सुंभ एकत्र वळून सोडा. नायलॉनचा दोर नको, तोही घसरतो.

मासेमारीची जाळी किंवा ढिली शेडनेट तर चुकूनही नको. डोकं आत जातं, खवले उलटे अडकतात, मागं सरकता येत नाही, आणि पाण्यात अडकली की बुडूनच मरते. शेपटी धरून ओढाल तर मणके दुखावतात, शिवाय धामण चावायला मागंपुढं बघत नाही. विष नाही, पण दात लागतात. आणि गड्याला आत उतरू देऊ नका, त्या शेवाळावरून माणसालासुद्धा वर येता येत नाही.

संध्याकाळी पट्ट्या टाका आणि तिकडं फिरकू नका. ती दिवसा हिंडणारी, सकाळी ऊन चढायच्या आधी निघायचा प्रयत्न करील. दमल्याची लक्षणं दिसली तर थांबू नका, १९२६ ला फोन लावा, वन विभागाची हेल्पलाइन आहे. धामणीला कायद्याचं संरक्षण आहे, गड्यालाही सांगून ठेवा.

बांधावरचा
बरं, कागदाचं लक्षात आलं नव्हतं. पण मागं गावतळ्यात दोन धामणी वेटोळे घालून वरखाली होत होत्या. लोक म्हणाले नाग-धामण जुगतायत, कुणी उपरणं टाकायला निघालं.

दुपारची_पाळी
नाग-धामण नाही, दोन्ही धामणच आणि बहुधा दोन्ही नर. कुस्ती असते ती, एकमेकांचं डोकं खाली दाबायची. धामण ही नागाची मादी नाही, जात वेगळी. उपरणं घरी राहू द्या.

मोसंबी_अंबड
काल संध्याकाळी पट्ट्या टाकल्या. आज साडेआठला वाऱ्याच्या कोपऱ्यातली पट्टी वरपर्यंत ओली, भरावाच्या फुफाट्यात नागमोडी माग, बांधावरच्या बोरीकडं गेलाय. तळ्यात काही दिसत नाही. पट्ट्या काढू का?

काळी_माती
नको. मुंगूस, घोरपड, खारी, सगळे अशा तळ्यात पडतात. फक्त बारदान पाण्यात कुजतं, पावसाळ्याआधी सुंभाची घट्ट पट्टी विणून बदला. पाणी उतरलं तरी खालचं टोक पाण्यात राहील एवढी लांबी ठेवा.