मदत हवी आहे: २००० नंतरचे जपानी जॅझ पियानो ट्रिओ, पण संथ लयीतले

पियानो, डबल बेस आणि ड्रम्स एवढ्याच तिघांचे, २००० नंतर जपानी पियानोवादकांनी केलेले अल्बम शोधतोय. र्‍यो फुकुईंचा ‘सीनरी’ (१९७६) आणि त्सुयोशी यामामोतोंचा ‘मिडनाइट शुगर’ (१९७४) पाठ आहेत, ते सुचवू नका. पियानोवादक हिरोमीच्या ‘व्हॉइस’ ते ‘स्पार्क’ (२०११ ते २०१६) या चार अल्बममध्ये अँथनी जॅक्सनचा बेस इलेक्ट्रिक आहे, शिवाय सायमन फिलिप्सचे ड्रम्स रॉकच्या अंगाने जातात. फॉक्स कॅप्चर प्लॅन या ट्रिओमध्ये लय बहुतेक वेळा चढी आणि ड्रम्स गच्च. एच झेट्रिओ या दुसऱ्या ट्रिओचंही तेच. वाईट काहीच नाही, रात्री ऐकायला जमत नाही इतकंच.

हवंय ते असं: विलंबित लय, ब्रशने वाजवलेले ड्रम्स, आणि बेसच्या तारेवर बोट सरकल्याचंही ऐकू येईल असं जवळून केलेलं रेकॉर्डिंग. गाणारं कोणी नको. सीडी जपानहून मागवायची तयारी आहे, पण प्लेअर साधा आहे. म्हणजे हायब्रिड एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, जिच्यात साध्या सीडीचाही थर असतो) चालेल. एसएचएम-एसएसीडी नाही, तिच्यात सीडीचा थरच नसतो.

यात बसणारा कुठला अल्बम आधी घ्यावा, आणि त्याची नेमकी कुठली आवृत्ती?