वनहक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप: कायद्याचं काम खरंच मिळतं का?

लॉवाली_पुणे
नमस्कार, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात नंदुरबारकडच्या एका छोट्या संस्थेत इंटर्नशिप मिळतेय, स्टायपेंड नाही पण राहण्याजेवणाची सोय आहे. घरचे म्हणतात त्यापेक्षा एखाद्या सीनियरच्या ऑफिसात बस, ड्राफ्टिंग तरी शिकशील. मला जायचंय, पण तिथे खरंच काही शिकायला मिळतं की नुसते रिपोर्ट टाइप करायचे न् फोटो काढायचे? आणि मला भिली अजिबात येत नाही.

सागवान
जाच. मी गडचिरोलीकडे केली होती. कोर्टाचं तोंडही दिसलं नाही पण कायदा तिथेच कळला. वनहक्क कायदा (जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांचा जमिनीवरचा हक्क मान्य करणारा) 2006 चा, नियम 2008 चे, त्यात 2012 ला दुरुस्ती, हे सगळं जायच्या आधी वाच आणि नियम 13, कुठले पुरावे चालतात तो, तर पाठच कर, कारण सगळं पुराव्यावर अडतं. लोकांनी जमिनीसाठी केलेल्या दाव्यांच्या बऱ्याच फायलींत फेटाळल्याचं पत्र म्हणजे एक ओळ, 'पुरावा अपुरा'. कुठला अपुरा, का अपुरा, काही नाही. नियम सांगतात की सविस्तर कारणं द्या, दावेदाराला प्रत्यक्ष कळवा म्हणजे त्याला 60 दिवसांत दाद मागता येईल, आणि सॅटेलाइटचा फोटो पूरक आहे, बाकी पुराव्यांच्या जागी तो चालत नाही. वयस्कर माणसाचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही पुरावेच. म्हातारे लोक साल सांगत नाहीत, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर असं सांगतात, ते नीट ऐकून जबाबात उतरवणं हेच ड्राफ्टिंग. ऑफिसात बसून हे नाही शिकता येत.

प्रतिज्ञापत्र
सहमत. सोबत सुप्रीम कोर्टाचा 13 फेब्रुवारी 2019 चा आदेश वाच. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जंगलातून काढा असा होता, 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली आणि दावे कुठल्या प्रक्रियेने फेटाळले ते राज्यांना विचारलं गेलं. तो वाचलास की त्या एका ओळीच्या पत्रावर एखाद्या घराचं काय काय अवलंबून असतं ते कळेल. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक चालत आले त्यातही वनजमिनीची मागणी मोठी होती.

सातपुड्याचा
मी नंदुरबारमधल्या धडगावकडचा. भाषेचं टेन्शन घेऊ नका ताई, आमच्याकडे पावरी पण बोलतात आणि पोरापोरींना मराठी येते, कोणीतरी सोबत बसतंच. मे महिना चांगला निवडलाय, गुजरातला ऊसतोडीला गेलेले लोक तोपर्यंत बरेचसे परत आलेले असतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि त्यात एक तृतीयांश बाया, गाव रिकामं असलं की ठरावच होत नाही. फक्त एक विनंती, जबाब लिहून झाला की तो परत वाचून दाखवा आणि झेरॉक्स त्या घरात ठेवा. लोक येतात, कागद घेऊन जातात, पुढे काय झालं ते कोणी सांगायला येत नाही, याचा आम्हाला फार राग आहे.

लॉवाली_पुणे
खूप आभार सगळ्यांचे. दादा, झेरॉक्सचं लक्षात ठेवते. संस्थेला होकार कळवायच्या आधी काही विचारून घेऊ का?

सागवान
दोन गोष्टी विचार. फायली तुला रोज कोण समजावणार, आणि तू निघून आल्यावर त्या कोण पुढे नेणार. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी संस्था बघ, वनहक्कांवर काम करणारे गडचिरोलीत, पालघरमध्येही आहेत.