पाण्याच्या वादावर रेडिओ कार्यक्रम कसा करू?

प्रश्न (जत, जि. सांगली): म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरून दोन गावांत जुंपलीये. सामुदायिक रेडिओसाठी मी रेकॉर्डिंग करते. दोन्हीकडचे बाइट लागोपाठ लावले की नुसतं भांडणच ऐकू येतं. शांतता पत्रकारितेत काय करतात?

उत्तर १: ताई, शांतता पत्रकारितेची कल्पना मांडणारे नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांचा भर कोण जिंकलं यावर नव्हता, वाद कशातून आला आणि तोडगा काय यावर होता. दोनच पुढारी नकोत. टेलचा म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, चारीवर (कालव्याच्या छोट्या फाट्यावर) पाणी सोडणारा, डाळिंबाला टँकर घालणारी बाई, सगळ्यांना बोलतं करा.

उत्तर २: ‘पाणी चोरलं’ हे निवेदनात आपल्या तोंडून अजिबात नको! म्हणणाऱ्याच्याच आवाजात राहू द्या, आणि लगेच पाळीपत्रक, म्हणजे कुणाला कधी पाणी मिळणार त्याचं वेळापत्रक, वाचून दाखवा.

प्रश्नकर्ती: पाळीपत्रक उद्याच आणते. रागावलेल्या आजोबांचं बोलणं कापू का?

उत्तर २: शिव्या तेवढ्या कापा. त्यांची बाग खरंच जळतेय, ते राहू द्या.