मदत हवी आहे : संधिवाताच्या औषधानंतर पायांवर जांभळे डाग

आईला ११ वर्षांपासून आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) आहे. मेथोट्रेक्सेट या नेहमीच्या औषधाने भागेना म्हणून चार महिन्यांपूर्वी अ‍ॅडालिमुमॅबची (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणारं औषध) इंजेक्शनं सुरू केली, दर १५ दिवसांनी एक. सांधे इतके मोकळे झाले की ती पुन्हा स्वतःची वेणी घालू लागली. आम्हाला केवढा आनंद झाला होता!

आता तीन आठवड्यांपासून दोन्ही पोटऱ्यांवर लालसर-जांभळे ठिपके आलेत. हाताला उंचवटा लागतो, काचेचा ग्लास दाबून धरला तरी रंग जात नाही. आग होते, संध्याकाळी घोटे सुजतात. मला आधी ॲलर्जी वाटली, त्यात आठवडा वाया गेला, याची फार रुखरुख लागली आहे. बायोप्सीत त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, निघाला. लघवीत रक्त वा प्रथिनं नाहीत, त्यामुळे मूत्रपिंडं सध्या ठीक आहेत.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलंय. पण ते म्हणतात, हे औषधामुळे असेल किंवा मूळ आमवातामुळेही. हाच पेच आहे, कारण पहिल्यात औषध बंद करायचं आणि दुसऱ्यात उपचार वाढवायचे.

कुणाला असा अनुभव आहे का? औषध थांबवल्यावर डाग किती दिवसांत गेले? नंतर वेगळ्या गटातलं औषध दिलं का, आणि ते सोसलं का? दुखणं परत उसळलं तेव्हा मधला काळ कसा काढलात? पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू, तेही सांगा. तिची बोटं आजच सकाळी पुन्हा आखडली होती.